खोळंब्याचा हिशेब

०.४२ १.८७ ३.१० २/३१८ २०५४१

लिनक्स सर्व्हरवर ‘प्रॉक’मधली ‘लोडअ‍ॅव्हजी’ ही फाइल उघडली की अशी एकच ओळ दिसते. पहिले तीन आकडे एक, पाच आणि पंधरा मिनिटांच्या भाराचे. ते उजवीकडून डावीकडे वाचावेत, म्हणजे गोष्ट उलगडते: मघाशी यंत्रावर ताण होता, आता तो ओसरलाय.

या ओळीचं खरं मोल ती काय मोजते यात आहे. हंगामात राळेगावला कापसाच्या गाड्यांची गर्दी किती, हे काट्यावरची गाडी बघून कळत नाही. रांगेतल्या गाड्या मोजाव्या लागतात, जिनिंगच्या आवारात खाली व्हायला अडकलेल्याही. लिनक्सचा कर्नेल तेच करतो. चालू प्रक्रिया, सीपीयूसाठी थांबलेल्या, शिवाय डिस्कपायी अडून बसलेल्या ‘डी’ अवस्थेतल्या. ही शेवटची भर १९९३ मध्ये मॅथियास उर्लिक्स यांच्या पॅचने पडली. त्यांचा मुद्दा बिनतोड होता: वेगवान स्वॅप डिस्क काढून संथ बसवली की यंत्र रखडतं, मग भार उतरलेला कसा दिसतो?

गणितही देखणं आहे. दर पाच सेकंदांनी एका मिनिटाच्या जुन्या आकड्याचे २०४८ पैकी १८८४ भाग राखायचे आणि उरलेल्या १६४ भागांत नवी मोजणी मिसळायची. त्यामुळे ‘एका मिनिटाचा’ आकडा त्या मिनिटापुरता नसतोच. रिकाम्या यंत्रावर एकच काम अखंड चालवलं, तर मिनिटभराने तिथे १ नव्हे, सुमारे ०.६३ दिसतं. आधीचा रिकामेपणा अजून हिशेबात असतो.

आणि पाच सेकंद म्हणजे नेमके पाचही नाहीत. कोडमध्ये त्यात घड्याळाची एक टिक जास्त धरली आहे. बरोबर पाच सेकंदांनी जागं होणारं एखादं काम असेल, तर ते दर वेळी मोजलं जाईल किंवा दर वेळी निसटेल. त्या एका टिकेने हा ताल मोडतो. संपूर्ण हिशेबातली ही मला सर्वांत सुंदर जागा वाटते.

हा हिशेब करणाऱ्या कर्नेलच्या कोड-फाइलच्या सुरुवातीच्या टिपणीत भाराचा हा आकडा खुळचट ठरवला आहे, लोकांना तो महत्त्वाचा वाटतो एवढंच. मला हे पटत नाही. उणीव आहे, ती वेगळी: खोळंबा सीपीयूपायी की डिस्कपायी, हे तो सांगत नाही. कर्नेलच्या २०१८ च्या ४.२० आवृत्तीत योहानेस वाइनर यांच्या ‘पीएसआय’ या सोयीने सीपीयू, मेमरी आणि आय-ओ यांच्या वेगळ्या फाइली देऊन ती भरून काढली. तरी सर्व्हर रखडला की मी आधी हीच जुनी ओळ उघडतो. भार चढतोय की उतरतोय ते बघायचं, कारण मग शोधायचं.