संमतीचे व्याकरण

‘मला मान्य आहे’ हे वाक्य दिसते विधानासारखे. वस्तुतः ती कृती होय. जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्ड येथे दिलेल्या व्याख्यानांत अशा उक्तींचे विवेचन केले आहे. त्या खऱ्या वा खोट्या नसतात. सफल वा विफल असतात.

सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमानुसार संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त व निःसंदिग्ध असावयास हवी. ही लक्षणे योग्यच आहेत. परंतु एखादे ॲप संदेश वाचण्याची परवानगी मागते, तेव्हा पडद्यावरील प्रश्न एकट्या फोनधारकाला विचारला जातो. संदेशाला तर दोन टोके असतात. धारकाने होकार देताच त्याला इतरांनी लिहिलेली वाक्येही तिऱ्हाइताच्या हाती जातात. त्या वाक्यांच्या कर्त्यांना कोणी विचारलेलेच नसते.

येथे ‘मला’ या एकवचनाकडून ‘आम्हांला’ या अनेकवचनाचे काम करून घेतले जाते. ऑस्टिन यांच्या कसोटीनुसार, संदेश पाठविणाऱ्यापुरती ही उक्ती विफल ठरते. कारण त्याच्या वतीने ती उच्चारण्याचा अधिकार धारकाला नव्हता. तेव्हा संमतिपत्रकाची भाषा सुबोध करणे पुरेसे नाही; त्यातील ‘मी’ कोण, हे प्रथम ठरविले पाहिजे.