पांढऱ्या अस्वलांचा प्रश्न

उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फाळ प्रदेशातली सगळी अस्वले पांढरी असतात. नोवाया झेम्ल्या ही बेटे त्याच प्रदेशात आहेत. मग तिथल्या अस्वलांचा रंग कोणता? सातवीच्या वर्गात विचारून पाहा, निम्मी मुले हात वर करतील.

अलेक्झांडर लुरिया (१९०२–१९७७) या रशियन मानसशास्त्रज्ञाने १९३१-३२ मध्ये हा प्रश्न उझबेकिस्तानातल्या निरक्षर शेतकऱ्यांना विचारला. पुष्कळांचे म्हणणे पडले, की आम्ही तिथे गेलेलो नाही. जो गेला असेल त्याला विचारा. थोडेफार शिकून सामूहिक शेतीत काम करणाऱ्यांनी मात्र चटकन 'पांढरा' असे सांगितले. यावरून लुरियांनी निष्कर्ष काढला, की निरक्षर माणसाचा विचार प्रत्यक्ष अनुभवात अडकलेला असतो; शिक्षणाने आणि सामाजिक बदलाने विचारांची घडणच बदलते. हे लिखाण त्यांच्या देशात आक्षेपार्ह ठरले आणि पुस्तकरूपाने १९७४ मध्येच बाहेर आले. ही मुस्कटदाबी वाईटच. पण म्हणून निष्कर्ष बरोबर ठरत नाही.

शेतकऱ्याचे उत्तर जरा नीट पाहू. जे पाहिले नाही त्याविषयी मी बोलत नाही. ती अस्वले मी पाहिलेली नाहीत. म्हणून मी सांगणार नाही. हे तर चोख अनुमान झाले! त्याला तर्क येत होता. प्रश्नात दिलेले खरे धरून चालायचे आणि स्वतःला माहीत असलेले बाजूला ठेवायचे, हा शाळेतला रिवाज तेवढा ठाऊक नव्हता. (आपली गणिताची पुस्तके या रिवाजावरच चालतात.) लायबेरियातल्या वाई लोकांची स्वतःची लिपी आहे आणि ती शाळेबाहेर शिकली जाते. सिल्व्हिया स्क्रिब्नर आणि मायकेल कोल यांनी १९८१ मध्ये दाखवले, की नुसती ती लिपी येणाऱ्यांना अशा तर्काच्या प्रश्नांत विशेष फायदा होत नाही. शाळेत गेलेल्यांना होतो. म्हणजे लुरियांनी अक्षरओळख आणि शाळा यांची गल्लत केली होती.

पुढे युद्धकाळात मेंदूला इजा झालेल्या सैनिकांवर त्यांनी जे काम केले, ते मला फार मोलाचे वाटते. झासेत्स्की या तरुणाला १९४३ मध्ये डोक्यात गोळी लागली. 'वडील' कळत, 'भाऊ' कळे. पण 'वडिलांचा भाऊ' आणि 'भावाचे वडील' यांतला फरक उमगेना. शब्द शाबूत, पण त्यांना जोडणारे नाते हरवलेले! भाषा मेंदूच्या एकाच कोपऱ्यात नसते, अनेक भाग मिळून ती चालवतात, हे लुरियांचे म्हणणे अशा रुग्णांमुळे पक्के झाले. स्वतःचे लिहिलेलेही धड वाचता न येणाऱ्या झासेत्स्कीने पंचवीस वर्षांत सुमारे ३००० पाने लिहिली. लुरियांनी ती वाचली आणि त्याच्याच शब्दांत त्याची हकिगत छापली. शेतकऱ्यांकडे त्यांनी परीक्षकाच्या नजरेने पाहिले होते. इथे ते ऐकत बसले.

हे पुस्तक इंग्रजीत 'द मॅन विथ अ शॅटर्ड वर्ल्ड' या नावाने १९७२ मध्ये आले. दोन्ही वाचणार असाल तर आधी हे वाचा आणि उझबेकिस्तानचे नंतर.