डोरा, दोरा आणि दुरुस्त झालेली कविता

ब्रह्मपुरीकडच्या एका बारावीतल्या मुलीनं मला व्हॉट्सॲपवर दोन ओळी पाठवल्या होत्या:

दिवसभर वाट पायते मायचा डोरा
सुईत तसाच अडकून रायला दोरा

पुढे या ओळी एका अंकात छापून आल्या. तिथं ‘मायचा डोरा’चा ‘आईचा डोळा’ झाला होता, ‘पायते’चं ‘पाहतो’ आणि ‘रायला’चं ‘राहिला’. शुद्धलेखन अगदी चोख. तिनं स्क्रीनशॉट पाठवून एवढंच विचारलं, “दादा, माझं यमक कुठं गेलं?”

त्याचं उत्तर शाळेच्या अलंकारांच्या धड्यात सापडत नाही. धडा आपल्याला यमक ओळखायला शिकवतो. ते कुणाच्या तोंडी जुळतं, हा प्रश्न तिथं येतच नाही. झाडीबोली भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या पूर्व भागात बोलतात. तिच्यात ण, ळ, श, ष हे उच्चार जवळपास नाहीत. ‘ळ’च्या जागी ‘र’ येतो. वऱ्हाडी माणूस ‘डोया’ म्हणतो, झाडीतला ‘डोरा’. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीचा आयुष्यभर अभ्यास केला, त्यामुळे ही अशुद्ध मराठी नाही हे आता वेगळं सिद्ध करायला नको. तरी संपादकाचा हात ‘ळ’कडे जातोच. आपला फोनचा कीबोर्डही तेच करतो. ‘पानी’ लिहा, तो ‘पाणी’ सुचवतो.

‘डोरा’ आणि ‘दोरा’ यांच्यात फक्त एका वर्णाचा फरक आहे. म्हणून वाट पाहणारी नजर आणि सुईत अडकलेला धागा कानाला एकच वाटतात. ओळीत उपमेचा एकही शब्द नाही, ‘जणू’ नाही, ‘सारखा’ नाही. तुलना आवाजानंच केली आहे. ‘डोळा’ केलं की यमक तर तुटतंच, पण तुलनाही पुसली जाते. उरते फक्त माहिती: आई वाट पाहते आहे आणि शिवण अर्धवट आहे.

आणखी एक गंमत बघा. ‘शाळा’ या बोलीत ‘सारा’ होते. मग ‘सारेत सारा गाव’ एवढं म्हटलं तरी एकच अक्षरं दोन अर्थांनी येतात. पाठ्यपुस्तकातली यमकाची काटेकोर व्याख्या हीच तर आहे! प्रमाण मराठीत ‘शाळेत सारा गाव’ केलं की फार तर थोडासा अनुप्रास ऐकू येईल.

आवाजाचं जे, तेच अर्थाचं. ‘वाघासारखा शूर’ ही उपमा आपण निबंधात सर्रास लिहितो. २०२५च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. त्या तालुक्यातल्या वाचकापुढे ‘वाघासारखा’ ठेवून बघा. उपमेत उपमान उपमेयापेक्षा ओळखीचं असावं लागतं, म्हणजे त्याच्या उजेडात दुसरी गोष्ट दिसते. इथं उपमान ओळखीचंच आहे, पण ते शौर्याकडे बोट दाखवत नाही. ते पहाटे घराबाहेर पडलेल्या बाईकडे दाखवतं.

पळसाचंही तसंच. ‘पळस फुलला, रान पेटलं’ हे रूपक पुण्यामुंबईच्या कवितेत आता झिजून गुळगुळीत झालंय. गडचिरोलीत पळस फुलायच्या आगेमागेच मोहफुलं वेचायचे दिवस येतात. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, आणि कधी कधी ती आग खरोखर रानात पसरते. म्हणजे ‘रान पेटलं’ ऐकून इथला माणूस आधी विचारेल, कोणत्या बाजूला? रूपकाला आपण रूपक आहोत हे इथं आधी सिद्ध करावं लागतं. एखाद्या चांगल्या कवीनं हाच गोंधळ हाताशी धरला, फूल की आग हे दोन ओळी कळूच दिलं नाही, तर हे झिजलेलं रूपक पुन्हा भाजेल. अशी कविता मी तरी अजून वाचलेली नाही. कुणी लिहिली असेल तर पाठवा.

याचा अर्थ बोलीत लिहिलं की कविता झाली, असा नाही. मोह, तेंदू, चारोळी, सागवान अशी नावं ओळीनं मांडून ‘आमचं रान’ म्हणणाऱ्या कविता संमेलनांत पुष्कळ ऐकल्यात. ती यादी असते, आणि टाळ्या नावांना मिळतात. उलट अलंकार नावालाही नसलेली ओळ कधी कधी पोचते. अकराव्या शतकातल्या मम्मटानंसुद्धा ‘काव्यप्रकाशा’त कवितेची व्याख्या करताना अलंकार क्वचित नसला तरी चालेल, अशी सवलत ठेवली आहे. परीक्षेत मात्र ‘खालील ओळीतील अलंकार ओळखा’ असंच येतं, आणि तो नाही असं लिहिण्याची सोय नसते.

त्या मुलीला मी हे सगळं सांगितलं नाही. तिची परीक्षा होती. एवढंच कळवलं की यमक तिच्या ओळीत जागेवरच आहे, छापलेल्या ओळीत नाही. तिनं त्याच ओळी दुसऱ्या अंकाला पाठवल्या. या वेळी खाली कंसात लिहिलं: ‘डोरा असाच ठेवावा.’ अजून उत्तर आलेलं नाही.