स्मार्टफोनच्या मुखपटलावरील आयकॉनांची सजावट : एक चिन्हमीमांसात्मक समीक्षा (जळगाव व धुळे जिल्ह्यांच्या विशेष संदर्भात)

गोषवारा

स्मार्टफोनच्या मूळ होम स्क्रीनवरील अ‍ॅपची चिन्हे आपल्या आवडीनुसार बदलण्याची सोय गेल्या काही वर्षांत सर्वसामान्य वापरकर्त्याच्या हाती आली आहे. ही सोय केवळ हौसेची बाब मानली जाते. प्रस्तुत लेखात तिच्याकडे दृश्यभाषेची एक घटना म्हणून पाहिले आहे. आयकॉन हे एकाच वेळी सजावटीचे साधन आणि वाचनाचे साधन असते. या दोहोंतील ताण कोठे निर्माण होतो आणि त्याची किंमत कोणाला मोजावी लागते, याची चिकित्सा येथे खान्देशातील चिन्हपरंपरेच्या आधारे केली आहे. टाक, कानबाईची मांडणी आणि १९३६ च्या फैजपूर अधिवेशनातील कलायोजना हे तुलनेचे प्रमुख आधार होत.

बीजशब्द : आयकॉन, मुखपटल, चिन्हमीमांसा, दृश्यसाक्षरता, खान्देश, अहिराणी.

१. प्रस्तावना

लिपी न जाणणारा मनुष्य वाचत नाही, हे गृहीतक मुळातच सदोष आहे. बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) निरक्षर होत्या. तथापि शेत, झाड, पाखरू आणि माणूस यांचे त्यांनी केलेले वाचन मराठी काव्यात अनन्यसाधारण ठरले. ज्या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात जळगाव व धुळे जिल्ह्यांतील महाविद्यालये येतात, त्या विद्यापीठाला २०१८ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. अक्षरांच्या संस्थेला एका निरक्षर कवयित्रीचे नाव असावे, ही घटना साक्षरतेच्या रूढ व्याख्येचा पुनर्विचार करावयास लावते.

भारतीय लोकशाहीने हा पुनर्विचार प्रारंभीच केला होता. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची मतपेटी स्वतंत्र होती आणि तिच्यावर त्याचे निवडणूक चिन्ह लावलेले होते. कोट्यवधी निरक्षर मतदारांनी त्या चिन्हांच्या आधारे मतदान केले. मतदार चिन्ह ओळखू शकतो, मात्र ते चिन्ह स्थिर व इतरांपासून स्पष्टपणे वेगळे असले पाहिजे, हा त्या व्यवस्थेचा पाया होता.

आज तीच अट स्मार्टफोनच्या मुखपटलाला लागू होते. कापूस वा केळी पिकविणाऱ्या शेतकऱ्याला पिकाची नोंद स्वतः करता यावी म्हणून १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी अ‍ॅप वापरात आले. पैशाची देवघेव, गॅसची नोंदणी, शिष्यवृत्तीचे अर्ज, महाविद्यालयाच्या सूचना ही सर्व कामे त्याच पटलावरील लहान चौकटींतून होतात. म्हणून त्या चौकटींचे रूप बदलणे ही गोष्ट वाटते तितकी किरकोळ नाही.

२. आयकॉन : संकल्पना आणि वाटचाल

अमेरिकन तत्त्वज्ञ चार्ल्स सँडर्स पर्स यांनी चिन्हांचे तीन प्रकार सांगितले. वस्तूशी साम्य असणारे ते प्रतिरूप, वस्तूशी प्रत्यक्ष संबंध असणारे ते दर्शक आणि केवळ रूढीने अर्थ प्राप्त झालेले ते संकेतचिन्ह. संगणकाच्या क्षेत्रात ‘आयकॉन’ ही संज्ञा डेव्हिड कॅनफिल्ड स्मिथ यांनी १९७५ मधील आपल्या प्रबंधात योजिली. १९८१ च्या झेरॉक्स स्टार या संगणकाने कागद, धारिका, टपालपेटी अशी कार्यालयातील चित्रे पटलावर आणली. १९८४ च्या मॅकिंटॉशसाठी सुझन केअर यांनी ३२ गुणिले ३२ ठिपक्यांच्या जाळीत चिन्हे रेखाटली. त्या काळातील आयकॉन नावाप्रमाणेच बहुतांशी प्रतिरूप होते.

पुढे स्थिती पालटली. फोनवरील हिरव्या चौकटीतील रिसीव्हर आजही ‘बोलणे’ सुचवितो. परंतु तसा रिसीव्हर हाती न धरलेली पिढी आता महाविद्यालयात आहे. तिच्या दृष्टीने ते प्रतिरूप राहिले नसून संकेतचिन्ह झाले आहे. व्यापारी अ‍ॅपच्या बाबतीत तर साम्याचा प्रश्नच उद्भवत नाही. कंपनीचे आद्याक्षर, एखादा वळसा आणि विशिष्ट रंग एवढ्यावरच त्यांची ओळख उभी असते. ऑक्टोबर २०२० मध्ये गूगलने जीमेल, ड्राइव्ह, कॅलेंडर इत्यादींची चिन्हे त्याच चार रंगांत नव्याने आणली, तेव्हा ती एकमेकांसारखी दिसतात अशी टीका झाली. नाममुद्रेची एकरूपता आणि चिन्हाची वाचनीयता यांचे हितसंबंध एक नसतात, हे त्यावरून स्पष्ट झाले.

३. मूळ पटलावरील बदलाचे स्वरूप

अँड्रॉइडमध्ये होम स्क्रीन हेच एक बदलता येणारे अ‍ॅप असल्यामुळे हौशी वापरकर्त्यांना तेथे प्रारंभापासून मोकळीक होती. परंतु येथे विचार करावयाचा आहे तो वेगळे अ‍ॅप न घेता मूळ पटलावर करता येणाऱ्या बदलांचा. २०१७ च्या अँड्रॉइड ८ मध्ये अनुरूप होणारे आयकॉन आले. म्हणजे चित्र कोणतेही असो, चौकटीचा आकार फोनच ठरवू लागला. २०२१ च्या अँड्रॉइड १२ मध्ये पार्श्वचित्रातून रंग निवडून ते सर्व पटलाला देण्याची योजना आली आणि २०२२ च्या अँड्रॉइड १३ मध्ये ती इतर कंपन्यांच्या अ‍ॅपनाही खुली झाली. मात्र त्यासाठी अ‍ॅप तयार करणाऱ्याने एकरंगी रेखाकृती पुरविणे आवश्यक होते. ज्यांनी ती पुरविली नाही त्यांची चिन्हे मूळ रंगातच राहिली.

आयफोनमध्ये सप्टेंबर २०२० च्या आयओएस १४ नंतर ‘शॉर्टकट्स’ या अ‍ॅपद्वारे एक आडवाट रूढ झाली. हवे ते अ‍ॅप उघडणारा शॉर्टकट तयार करावयाचा, त्याला आपल्या संग्रहातील छायाचित्र व आपल्या पसंतीचे नाव द्यावयाचे आणि तो होम स्क्रीनवर ठेवावयाचा. मूळ चिन्ह अ‍ॅप लायब्ररीत दडवावयाचे. या वाटेला मर्यादाही होत्या. न वाचलेल्या संदेशांची संख्या दर्शविणारा लाल ठिपका अशा शॉर्टकटवर उमटत नाही. २०२४ च्या आयओएस १८ ने सर्व आयकॉनांना एकाच रंगाची छटा देण्याची, त्यांचा आकार वाढवून खालील नावे काढून टाकण्याची आणि ते पटलावर मोकळ्या जागी ठेवण्याची अधिकृत सोय केली.

या सर्व सोयींत दोन भिन्न प्रवृत्ती आढळतात. पहिली एकरूपतेची : फोन एक रंग ठरवितो आणि सर्व चिन्हे त्यात बुडतात. दुसरी नामकरणाची : वापरकर्ता स्वतः चित्र निवडतो आणि नाव लिहितो. दोहोंना ‘सजावट’ हा एकच शब्द लावला जातो. परंतु त्यांचे मूल्यमापन स्वतंत्रपणे करावयास हवे.

४. एकरूपतेची कसोटी : टाकांचे उदाहरण

एकरंगी चिन्हे मुळातच अवाचनीय असतात, असा आक्षेप घेतला जातो. तो जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. महाराष्ट्रातील देवघरांत परंपरेने पुजले जाणारे टाक पाहावेत. चांदीच्या किंवा पितळेच्या लहान पत्र्यावर देवतेची उठावाची आकृती असते. सर्व टाकांचा धातू एक, आकार जवळजवळ एक आणि रंगाचा आधार मुळीच नाही. तरीही घरातील स्त्री-पुरुष कुलदैवताचा टाक अचूक ओळखतात. खंडोबा घोड्यावरून ओळखू येतो. देवी आयुधांवरून आणि बैठकीवरून. धुळ्याच्या पांझराकाठच्या एकवीरेला कुलस्वामिनी मानणाऱ्या कुटुंबातील वृद्ध स्त्रीला त्यासाठी अक्षराची वा रंगाची गरज भासत नाही.

याचे कारण टाक घडविणाऱ्याच्या कलेत आहे. प्रत्येक आकृतीची बाह्यरेषा इतरांहून वेगळी राहील, याची दक्षता त्या परंपरेने घेतली आहे. रंग काढून घेतल्यावर जे उरते त्यातच ओळख साठविलेली आहे. याउलट व्यापारी अ‍ॅपची ओळख रंगात साठविलेली असते. व्हॉट्सअ‍ॅपचा हिरवा आणि फोनपेचा जांभळा काढून घेतला, की मागे वर्तुळे, बाण व अक्षरांचे तुकडे राहतात. ती अक्षरेही अनेकदा रोमन वळणाची असतात. फोनपेच्या चिन्हात मात्र देवनागरी ‘पे’ आहे, हा उल्लेखनीय अपवाद होय. दोष एकरंगाचा नाही. ज्या चिन्हांची रेषा वेगळी घडविलेलीच नाही, त्यांच्यावर एकरंग लादण्याचा तो दोष आहे. परिणामी पटल शोभिवंत दिसते, पण ज्याचे वाचन रंगावर अवलंबून आहे असा वापरकर्ता तेथे पुन्हा निरक्षर होतो.

५. सजावट आणि सामायिक व्याकरण : कानबाई व फैजपूर

खान्देशातील कानबाईचा उत्सव हे सजावटीचे दुसरे बोलके उदाहरण होय. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला देवीचे रूप देऊन तिची स्थापना होते आणि दुसऱ्या दिवशी विसर्जन होते. नारळ एरवीही घरात येणारीच वस्तू. दागिने, नथ, वस्त्र यांनी त्याची देवी होते. प्रत्येक घरची कानबाई त्या घराच्या ऐपतीप्रमाणे व आवडीप्रमाणे वेगळी दिसते. परंतु शेजारचा मनुष्य आला तर ही कानबाईच आहे, याविषयी त्याला शंका उरत नाही. येथे वैयक्तिक हौस सामायिक व्याकरणाच्या आत नांदते.

डिसेंबर १९३६ मध्ये तत्कालीन पूर्व खान्देशातील फैजपूर येथे पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. त्याच्या कलायोजनेत नंदलाल बोस यांचा प्रमुख वाटा होता आणि खेड्यात सहज उपलब्ध असणाऱ्या बांबूसारख्या साहित्यातून ती उभी करण्यात आली. गांधीजींचा आग्रहच तसा होता. सजावट ही बाहेरून आणून चिकटविण्याची वस्तू नसून स्थळातून उगवणारी गोष्ट आहे, हा विचार तीमागे होता. पार्श्वचित्रातील रंग उचलून सर्व चिन्हांवर फिरविणारी आजची योजना वरकरणी ‘आपली’ वाटते. कारण पार्श्वचित्र आपण निवडलेले असते. परंतु त्या रंगाचे काय करावयाचे, हा निर्णय यंत्रणेचा असतो. निवड आणि निर्मिती यांतील हे अंतर लक्षात घेणे आवश्यक आहे.

६. नामकरणाचा अधिकार आणि अहिराणी

दुसऱ्या प्रवृत्तीचे, म्हणजे नामकरणाचे, मोल खान्देशच्या संदर्भात अधिक आहे. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात खान्देशीची नोंद १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात झाली. २०११ च्या जनगणनेत खान्देशी भाषकांची संख्या सुमारे साडेअठरा लाख आहे आणि त्यांत अहिराणी सांगणारे बहुसंख्य आहेत. अहिराणीला आठव्या अनुसूचीत स्थान नाही. अँड्रॉइडने २०१४ मधील पाचव्या आवृत्तीपासून मराठीला स्थान दिले आणि फोनच्या स्वतःच्या अ‍ॅपची नावे मराठीत दिसू लागली. व्यापारी अ‍ॅपची नावे मात्र बहुधा रोमन लिपीतच राहिली.

या पार्श्वभूमीवर, चिन्हाखालचे नाव वापरकर्त्याने स्वतः लिहावे, ही सोय वरवर क्षुल्लक असली तरी अर्थपूर्ण आहे. पिकाच्या नोंदीचे अ‍ॅप उघडणाऱ्या शॉर्टकटवर शेताचे छायाचित्र आणि खाली ‘वावर’ हा शब्द, किंवा परगावी असलेल्या मुलाला फोन लावणाऱ्या चौकटीत त्याचा चेहरा आणि खाली ‘आंडोर’ हा शब्द, अशी रचना मूळ पटलावर शक्य आहे. येथे आयकॉन पुन्हा प्रतिरूप होतो आणि भाषा घरची होते. कोणत्याही अनुसूचीने वा कंपनीने न दिलेली जागा बोलीला अशा रीतीने मिळू शकते. मात्र ही शक्यता प्रचारात नाही. प्रचारात आहे ती नावे काढून टाकून पटल ‘स्वच्छ’ करण्याची रीत.

७. काही धोके

नामकरणाच्या स्वातंत्र्याला दुसरी बाजूही आहे. कोणतेही चित्र कोणत्याही अ‍ॅपला लावता येते, तेव्हा चिन्ह हा ओळखीचा पुरावा राहत नाही. बँकेच्या, वाहन दंडाच्या किंवा शासकीय योजनेच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरणाऱ्या बनावट अ‍ॅप धारिका अधिकृत चिन्हांची नक्कल करूनच विश्वास संपादन करतात. चिन्ह पाहून विश्वास ठेवावयाचा नाही, तर अ‍ॅप कोठून आले हे पाहावयाचे, हा भेद शिकविल्याशिवाय सजावटीचे शिक्षण अपुरे राहील.

दुसरा धोका कौटुंबिक स्वरूपाचा आहे. एकच फोन घरातील अनेकांच्या हाती फिरतो. त्याची मांडणी बहुधा घरातील तरुण करतो आणि तिच्यावाचून अडते ते ज्येष्ठांचे. चिन्हाच्या रूपाइतकीच त्याची जागाही स्मरणात असते. ‘खालून दुसऱ्या ओळीतले पहिले’ हेही एक वाचनच आहे. ही जागा न विचारता बदलणे म्हणजे दुसऱ्याच्या देवघरातील देव हलविण्यासारखे आहे.

८. समारोप

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. एक, आयकॉनची एकरंगी सजावट तिच्यातील रेषा वेगळी राहिली तरच समर्थनीय ठरते. टाकांची परंपरा हा त्याचा निकष पुरविते. दोन, सर्व चिन्हांना एकच छटा देण्यापेक्षा वापरकर्त्याला चित्र व नाव देण्याचा अधिकार अधिक मोलाचा आहे, कारण त्यातून बोलीला आणि स्थानिक अनुभवाला जागा मिळते. तीन, सामायिक पटलावरील बदल हा त्याच्या सर्व वाचकांच्या संमतीने व्हावयास हवा.

महाविद्यालयीन स्तरावर संगणक साक्षरतेच्या अभ्यासक्रमांत फोनचा वापर शिकविला जातो. चिन्हांचे वाचन क्वचितच शिकविले जाते. मराठी, चित्रकला, समाजशास्त्र आणि संगणकशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन विद्यार्थ्यांकडून स्वतःच्या घरातील ज्येष्ठांसाठी, त्यांच्याच शब्दांत व त्यांच्याच संमतीने, एक मुखपटल तयार करून घेणे हा त्या दिशेने साधा व अल्पखर्ची उपक्रम ठरेल. तयार झालेले पटल सुंदर आहे काय, या प्रश्नाआधी ते ज्यांच्यासाठी आहे त्यांना ते वाचता येते काय, हा प्रश्न विचारला गेला, तर सजावटीला तिचे योग्य स्थान प्राप्त होईल.