सगळंच ‘नज’ नसतं: पीक विम्यावरून एक धडा

निर्णयाच्या मानसशास्त्रात काम करायचं ठरवलं की रिचर्ड थेलर आणि कॅस सनस्टीन यांचं 2008 सालचं ‘नज’ हातात येतंच. पुस्तक चांगलं आहे. पण वाचून झालं की आपल्याला जिकडेतिकडे नजच दिसायला लागतो, आणि सिनॉप्सिस तिथेच फसतो.

पुस्तकातली व्याख्या तशी कडक आहे. बंदी घालायची नाही, आर्थिक फायदा-तोटा फारसा बदलायचा नाही, फक्त पर्यायांची मांडणी बदलायची. आणि नको असेल तर टाळणं सोपं हवं. आता ही व्याख्या नांदेड-लातूरच्या सोयाबीन शेतकऱ्याच्या पीक विम्याला लावून बघा.

एक. 2020 च्या खरिपापासून प्रधानमंत्री पीक विमा योजना कर्जदारांनाही ऐच्छिक झाली. पण विमा नको असेल तर मुदतीच्या सात दिवस आधी बँकेला लेखी कळवायचं. गप्प बसलात तर हप्ता कापला जाणार. हा डिफॉल्ट. मात्र त्यासाठी मजुरी बुडवून बँकेत खेटा घालावा लागत असेल, तर ‘टाळणं सोपं’ म्हणायचं का?

दोन. 2023 च्या खरिपात राज्याने शेतकऱ्याचा हप्ता एक रुपयावर आणला. हा नज नाहीच. इथे किंमतच बदलली.

तीन. 2025 च्या खरिपाआधी स्थानिक आपत्तीत नुकसान झालं तर 72 तासांत कळवावं लागायचं. ॲपवर कळवायचं तर रान पाण्याखाली, लाईट गेलेली, रेंज नाही. अशा अडथळ्यांसाठी ‘स्लज’ हा शब्द आहे. मुदतीला कारणही होतं: पाणी ओसरल्यावर पाहणी कशाची करणार? म्हणून प्रत्येक अडथळा स्लज ठरत नाही, तो तपासावा लागतो.

माझा आक्षेप इथेच आहे. मूळ पुस्तकाचं लक्ष माणूस योजनेत शिरतो त्या दारावर जास्त आहे. हक्क मागताना काय होतं यावर कमी. स्लजवरचं प्रकरण 2021 च्या आवृत्तीत आलं.

याचा आपल्याशी संबंध काय? ‘इतक्या शेतकऱ्यांनी विमा निवडला’ असं प्रबंधात लिहिलं, की गप्प राहिलेल्यांचं मौनही आपण पसंती म्हणून मोजतो. चूक आकडेमोडीची नाही, संकल्पनेची आहे. म्हणून प्रश्नावलीत ‘विमा काढला का?’ एवढ्यावर थांबू नका. पुढे हेही विचारा: ‘हप्ता कापल्याचं तुम्हाला कधी कळलं?’