'आरोहणा'च्या छायेंत

लारिसा शेपित्को हें नांव निघालें कीं रसिकांच्या जिभेवर एकच चित्रपट येतो, तो 'आरोहण'. १९७७ सालीं बर्लिनच्या महोत्सवांत त्यास सुवर्ण अस्वलाचा मान मिळाला, आणि त्याच्या योग्यतेविषयीं आमची कांहींच तक्रार नाहीं. परंतु धाकट्या भावंडाचा लौकिक असा वाढला कीं वडील भावंडांकडे कोणी ढुंकूनहि पाहीना. ही उपेक्षा आम्हांस अन्यायाची वाटते, आणि तींत नुकसान आहे तें प्रेक्षकांचेंच.

शेपित्कोबाईंचा जन्म १९३८ सालचा, युक्रेनमधला. मॉस्कोच्या चित्रपट-विद्यालयांत त्या दोव्झेंको यांच्या शिष्या होत्या. 'उष्मा' (१९६३) हा त्यांचा पहिला मोठा चित्रपट किरगिझस्तानच्या माळावर, चिंगीझ ऐतमातोव यांच्या कथेवरून काढलेला आहे. तेथील ऊन असें भयंकर कीं फिल्म वितळूं लागली. बाई आजारी पडल्या, आणि कांहीं दिवस त्यांनीं स्ट्रेचरवर पडूनच दिग्दर्शन केलें. शाळेंतून नुकताच आलेला केमेल आणि दांडगा ट्रॅक्टरचालक अबाकीर यांच्या झगड्यांत सुष्ट-दुष्टांची विभागणी जरा ढोबळ झाली आहे, हें मान्य केलें पाहिजे. नवशिक्या हाताची ती खूण होय. तरीहि तो उजाड माळ मनांतून जात नाहीं.

पण त्यांची खरी शक्ति दिसते ती 'पंख' (१९६६) या चित्रपटांत. नाद्येझ्दा पेत्रूखिना ही महायुद्धांतील नामांकित वैमानिक आतां एका धंदेशिक्षणाच्या शाळेची मुख्याध्यापिका आहे. शिस्त हा तिचा धर्म. मुलें तिला भितात, आणि एक मुलगा तर तिचा उघड तिरस्कार करितो. लेक दूर गेलेली. शहरांतल्या संग्रहालयांत तिचें छायाचित्र लावलेलें आहे; म्हणजे ती जिवंतपणींच इतिहासजमा झाली आहे! तिच्या करारीपणावर आपण प्रथम हंसतों, पुढें रागावतों, आणि शेवटीं तिच्याकरितां आपला जीव तुटतो. माया बुल्गाकोवा यांच्या अभिनयाचें हें यश आहे. उपाहारगृहाच्या मालकिणीबरोबर ती भर दुपारीं गिरक्या घेत नाचते, तेवढ्या क्षणापुरता तिचा ताठ कणा सैल होतो. तो प्रसंग एखाद्या लांबलचक भाषणापेक्षां अधिक बोलतो.

अखेरीस विमानतळावर तरुण वैमानिक थट्टेनें तिचें विमान ढकलीत नेतात, आणि ती एकाएकी यंत्र सुरू करून आकाशांत झेपावते. ही सुटका कीं आत्मनाश, हें चित्रपट सांगत नाहीं. प्रथमदर्शनीं आम्हांस ही पळवाट वाटली. दुसऱ्यांदा पाहतां आमचें मत बदललें. जमिनीवर जिला कोणीहि उत्तर दिलें नाहीं, तिच्या वतीनें दिग्दर्शिकेनें उत्तर देणें हाच खोटेपणा झाला असता.

'विजेची मायभूमि' (१९६७) हा आंद्रेय प्लातोनोव यांच्या कथेवरील लघुपट क्रांतीच्या पन्नासाव्या वर्षाकरितां केला, आणि १९८७ पर्यंत दडपून ठेवण्यांत आला. दुष्काळी खेड्यांत मोटारसायकलच्या जुन्या यंत्रानें पाणी चढविण्याची धडपड त्यांत आहे. गांवकऱ्यांचे सुरकुतलेले चेहरे त्यांत असे दाखविले आहेत कीं उत्सवी घोषणांना तेथें जागाच उरत नाहीं. अधिकाऱ्यांस तो रुचला नाहीं, यांत नवल तें काय?

१९७९ सालीं मोटार-अपघातांत बाईंचा अंत झाला, त्या वेळीं त्यांचें वय अवघें ४१ होतें. हातीं असलेला चित्रपट त्यांचे पति एलेम क्लिमोव यांनीं पुरा केला. 'आरोहण' विचारतें, मरणाच्या दारीं माणसानें कसें वागावें? 'पंख' विचारतो, मरण टळल्यावर त्यानें रोजच्या दिवसांचें काय करावें? पहिल्या प्रश्नाचा प्रसंग थोड्यांवर येतो. दुसरा आपल्या घरांतील कोणाहि निवृत्त, अबोल, हट्टी वडिलधाऱ्याच्या चेहऱ्यावर वाचतां येतो. म्हणून शेपित्कोबाईंचा परिचय करून घेऊं इच्छिणाऱ्यांनीं आरंभ 'पंखां'पासून करावा, अशी आमची आग्रहाची शिफारस आहे.