साहेबाचे कागदी घोडे

विलायती पोलीस म्हणजे धुक्यातून चोर हुडकून काढणारा, अशी माझी लहानपणापासूनची समजूत. ‘वेस्टिंग पोलीस टाइम’ (२००६) वाचलं आणि ती पार मोडली. डेव्हिड कॉपरफील्ड हे डिकन्सच्या नायकाचं नाव पांघरून स्टॅफर्डशायरच्या एका शिपायानं लिहिलेलं हे पुस्तक. यातला शिपाई चोरामागं कमी आणि फॉर्मामागंच जास्त धावतो. किरकोळ बाचाबाचीचंसुद्धा फाईलभर प्रकरण होतं! हसू येतं हो. पण ज्या गरीब वस्तीतली भांडणं मिटवायची, तिलाही हा गृहस्थ सरसकट एकाच रकान्यात कोंबतो, तिथं हसू अडतं. रकान्यांना वैतागलेल्यानं तरी असं करू नये. खरं नाव २००७ साली उघड झालं. गडी कॅनडाच्या पोलिसात गेला. त्याचा वैताग मात्र आपल्या कुठल्याही कचेरीत ओळखीचा वाटेल.